मनगटावर धूर

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर प्रश्न होता:
हवेतून की जमिनीवरून?

विदाद म्हणाली, वरूनच की.
खालून कधी काही पडतं का?

मी वकील. बैरुतहून गाडी हाकत आले होते
ऐन झारूरला, जिथे रस्ता संपतो
आणि पलीकडे कुंपण, टेहळणीचा मनोरा,
दुसऱ्या देशाची सफरचंदं.
मी समजावलं: विमानातून टाकलं तर एक कलम,
तोफेतून डागलं तर दुसरं, जरा सैल.
तोफ जमिनीवर उभी असते ना, म्हणून ते जमिनीवरून.
मग तुमच्या छपरावर ते भले आभाळातून उतरलेलं असो,
पांढऱ्या लांब शेपट्यांचं,
भर दुपारी कुणी कापूस पिंजावा तसं.

ती माझ्याकडे बघत राहिली,
वजाबाकी चुकणाऱ्या पोरीकडे बघावं तशी.

लिही, म्हणाली. एकवीस पेट्या.
एकोणीस गेल्या.
माश्या उडून जाऊ शकल्या असत्या, गेल्या नाहीत.
राणीभोवती गोळा झाल्या, मेणासकट वितळल्या.
लिही, की वाटाण्याएवढे खडे होते,
त्यावर मी ओली माती टाकली, ते निजले.
पंधरा दिवसांनी कुदळ लागली, जागे झाले.
लिही, नईम. माझ्या बहिणीचा नातू. वय नऊ.
त्याने एक खडा पायाने उडवला, चेंडू उडवतात तसा.
सैद्याच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी चौथ्या दिवशी पट्टी सोडली,
वारा लागला,
आणि पोराच्या पोटरीतून पुन्हा धूर निघाला.

मी लिहीत होते.
लिहिताना पुढचं कलमही आठवत होतं:
मुख्य उद्देश धूर करणं, सैन्य झाकणं.
आग लागते ती आनुषंगिक.
हा शब्द मला तिला सांगता येईना.
शेवटी म्हटलं, जाता जाता.
म्हणजे जाळायचं नव्हतं, जाता जाता जळलं.

जाता जाता?
शेजारी जाता जाता डोकावतात, तसं?

ती उठली. कोठीतून भात्याचा डबा आणला,
नळी काळी पडलेली, चामडं दोऱ्याने शिवलेलं.
आत पाइनच्या सुया, वाळलेला सेज.
पेटवला. भाता दाबला.
पहिला झोत पेटीवर नाही, स्वतःच्या मनगटावर,
आतल्या बाजूला, जिथे नाडी लागते.
मग माझा हात ओढला, त्यावर.
कोमट. कुणी झोपेत श्वास टाकावा तेवढाच.

माझी आई म्हणायची, माशीला देण्याआधी
धूर स्वतःला द्यायचा.
चटका बसला तर तो धूर नव्हे.
जा, विचार त्यांना,
कुणाच्या मनगटावर घेऊन पाहिला?

फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.
नंतर ऑफिसात कुणीतरी पेन्सिलीने
त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं,
आणि ते चुकलं असं मी म्हणणार नाही.
खटल्याला समास लागत नाही.
लागतात तारखा, कवचावरचे आकडे, मातीचे नमुने,
आणि तिसऱ्या पानावरची एक खूण.
ती मी केली. जमिनीवरून.
कायद्याने खरं तेच लिहिलं,
आणि चहाड केल्यासारखी पेन बंद करून बसले.

निघताना ती उंबऱ्याशी आली.
मला वाटलं, विचारेल: शिक्षा होईल का, पैसे मिळतील का.
माझी उत्तरं तयार होती, सगळी अर्धवट.
ती उरलेल्या दोन पेट्यांकडे बघत होती.
संध्याकाळ होत होती, माश्या परतत होत्या,
वरून, एकेक करून.

गाडी जरा पुढे घे, म्हणाली.
त्यांच्या वाटेत उभी आहे.