एकेचाळीस

तुर्कू, जानेवारी. साडेतीनलाच अंधारलेलं.
वुओक्को मायक्रोस्कोपच्या खोलीतला दिवा मालवते,
ताटलीवर झाकण ठेवते. सदतीस अंश.
आज गावात एवढी ऊब बहुधा इथेच.

ताटलीत उंदराच्या शेपटीतलं कोलॅजेन,
कवडीदह्यासारखं लागलेलं.
आत धाग्यांचं रान. रानात सोडलेल्या पेशी,
एका बाईच्या छातीतून काढलेल्या.
बाईचं नाव फ्रीजरच्या यादीत नाही,
नुसता आकडा.

यार्नोला ठाऊक होतं पेशी कशी निघते:
तिच्यापाशी कात्री असते.
कातरत कातरत ती बोळ पाडते,
आणि बाकीच्या तिच्या मागून,
ताज्या बर्फात पुढच्याच्या पावलात
पाऊल टाकावं तशा.
म्हणून त्यानं औषध घालून कात्रीच बोथट केली.
टोपी घालता घालता म्हणाला,
आज कुणी हलत नाही.

रात्रभर दर दहा मिनिटांनी एक फोटो.

सकाळी वुओक्कोनं ते पळवून पाहिले.
दोन तास सगळं निवांत.
चौदाव्या फोटोत एकीनं हातपाय आत ओढले,
गोल झाली,
धाग्यांमधली फट चाचपू लागली.
फट तिच्या निम्मीसुद्धा नव्हती.
अंग गेलं.
केंद्रक अडलं,
सगळ्या पेशीत तेवढंच टणक, बाठ्यासारखं.
चाळीस मिनिटं अडलं.
लांबलं, मधोमध आवळलं,
एका जागी उसवलंही,
आणि पलीकडे गेल्यावर
आपलं आपण सांधलं गेलं.

मोडेन पण वाकणार नाही,
हे आपण किती तोऱ्यात म्हणतो.
ही वाकली.
म्हणून तर गेली.

यार्नोनं तीनदा पाहिलं. कोट न काढताच बसला.
कॉफी आहे का, एवढंच म्हणाला.
वुओक्कोनं वहीत पेन्सिलीनं लिहिलं:
एकेचाळीस, पलीकडे.
मग तिला ते वाचवेना.
खोडून लिहिलं: एकेचाळीसची पेशी.

बाईचं वय यादीत होतं तेव्हाचं, बावन्न.
आज असती तर किती,
हा हिशेब तिनं बसस्टॉपच्या वाटेवर केला,
आणि मग पुन्हा पहिल्यापासून केला.

वाटेत नांगरानं लोटलेला बर्फाचा ढीग
आणि भिंत, मध्ये वीतभर जागा.
वुओक्को आडवी झाली, श्वास आत घेतला,
पिशवी डोक्यावर.
कमरेपाशी अडली. शिवी हासडली. निघाली.

मागे वळून पाहिलं तर
यार्नो तिनं पाडलेल्या फटीतून
येतच होता.