चौकटीबाहेरचं झाड

पहिल्या चित्रात इमारत होती, आभाळ होतं,
आणि तरी काहीच नव्हतं.
होनगेकरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"छान आहे बा. पण केकसारखं दिसतंय.
सुरी घेऊन कापावंसं."

रात्रभर संगणकाचा पंखा घरघरत राहिला.
मी कडा बोथट केल्या,
कारण कुठलाच कोपरा इतका धारदार नसतो,
गवंड्याचा हात लागलेला तर नाहीच.
काचा केसभर तिरक्या केल्या, एकेक वेगळी,
म्हणजे आभाळ प्रत्येकीत जरा निराळं मोडेल.
परदेशी झाडं उपटली. बॅग घेऊन हसत चाललेली
ती गोरी बाई पुसली,
जी वडगावच्या गल्लीत
कधीच, कुणाकडेच आली नव्हती.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
अक्षरांची उंची फुटपट्टी लावून.

तरी केकच.

मग सकाळी मोटारसायकल काढली, जागेवर गेलो.
मागाची शेड अजून उभी होती,
पत्रे उतरवलेले, भिंती शिल्लक.
पायथ्याला गुडघाभर लाल,
पावसानं उडवलेली माती,
वर जाता जाता विरलेली,
नखावरची जुनी मेंदी विरते तशी.
खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून
काळे ओघळ. दोनच. मधे कोरडं.
मी भिंतीला नाक लावून फोटो काढत राहिलो.

"काय हुडकालाय वो?"
इराप्पा ढवळी,
याच शेडमध्ये चाळीस वर्षं साड्या विणलेले,
विटांच्या ढिगावर बसून तंबाखू मळत.
मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला.
त्यांनी इमारत बघितलीच नाही.
उजेड बघितला.
"ह्ये चुकलंय की. हितं धा वाजेस्तोवर ऊन नसतंय.
चिंच हाय न्हवं.
सुताचा रंग आमी धाच्या म्होरंच बघायचो.
त्याच्या आदी मोरपंखी काय, हिरवा काय,
एकच."

चिंच कुंपणाच्या आत. पार्किंगच्या जागेत.
नकाशात तिच्यावर बारीक फुली आहे.

घरी येऊन सूर्य खाली ओढला, पूर्वेला.
चिंच लावली, कॅमेऱ्याच्या पाठीमागे,
चित्रात येणार नाही अशी.
आत सोडली ती फक्त तिची सावली:
गिलाव्यावर ठिपक्या-ठिपक्यांची,
काठ मऊ, कुठं कुठं फाटलेली,
एका गॅलरीत वाकून आत गेलेली.
शिंतोडे, ओघळ सगळे त्या शेडच्या भिंतीचे,
चौदा टक्के दाट,
नव्या रंगावर.

होनगेकर बराच वेळ बोलले नाहीत.
"आता बघ. आता फोटो वाटतोय.
काय केलंस नेमकं?"
"उजेड जरा दुरुस्त केला."
ओघळ तेवढे काढ म्हणाले. काढले.
माती विरळ केली.
सावली कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या रेल्वे गेटापाशी फलक लागलाय आता,
वीस बाय तीस. गेट पडलं
की लोक हेल्मेटची काच वर करून बघतात.
चिंच गेल्या बुधवारी तोडली.
फलकावर मात्र अजून साडेनऊच वाजलेत,
आणि दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेलं ते लुगडं,
जे मीच घातलं,
मोरपंखी आहे की हिरवं,
मलाही सांगता येत नाही.