कट्यारीची खूण

शब्दाचा एखादा अर्थ मेला की कोशात त्याच्या डाव्या अंगाला
एक छोटी कट्यार छापतात.
इशबेल गेडेस हेच काम करते,
ॲबरडीनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
जिथला हीटर मनात आलं तर चालतो.

आज तिच्यापुढे 'मेटिक्युलस'.
बुटांच्या खोक्यात चारशे अकरा चिठ्ठ्या.
मेटिक्युलस हिशेबनीस. मेटिक्युलस केशरचना.
कुणा कर्नलच्या मृत्युलेखात मेटिक्युलस मिशा.
एका चिठ्ठीवर चहाचा डाग, तीत मेटिक्युलस खून.
अर्थ सोपा. काटेकोर. बारीकसारीक पाहणारा.
तिने तो पेन्सिलीने उतरवला
आणि हात खोक्याच्या तळाशी घातला.

तळाला जुनी, पिवळी चळत.
तिथे हाच शब्द सशासारखा बसलेला,
कान मागे टाकून.
लॅटिन भीतीच्या पोटचं पोर ते,
तेव्हा अर्थ एवढाच: भित्रा.
पुढे कुणी त्याला इस्त्री केली, कचेरीत चिकटवलं,
भीती वाटेत गळून पडली
असं म्हणतात.
कट्यार तिथेच मारायची होती.

तिला वडील आठवले.
वॉटी गेडेस, पीटरहेडच्या धक्क्यावर
पहाटे चारला दोर पसरून
गाठ न् गाठ अंगठ्याने चाचपणारे.
एकदा. मग पुन्हा.
मग घराच्या पायरीवरून मागे फिरून.
बंदरावरचे हसत, वॉटीचं काम म्हणजे चोख!

चोख कसलं.
धाकटा भाऊ सँडी ज्या दोराच्या भरवशावर होता
तो वॉटीने एकदाच तपासला होता.

'काटेकोर'मधला काटा तराजूचा
असं आपण धरून चालतो.
अंगावर येतो तोही काटाच.

दुपारी संपादक मॅकवर्टर डोकावले.
"भीतीचा अर्थ शेवटचा कधी सापडतो?"
"सोळाशे काहीतरी," ती म्हणाली.
वडिलांचा अंगठा चिठ्ठीवर चढवता येत नाही,
त्याला पृष्ठक्रमांक नसतो.

कट्यार पडली. नियम तो नियम.

संध्याकाळी तिने हीटर बंद केला,
खिडकीची कडी पाहिली,
कुलूप ओढून बघितलं,
जिना उतरू लागली.
अर्ध्यावर थांबली.
परत वर गेली.