शुद्धिपत्र

जांभळी नाक्याजवळच्या छापखान्यात
मी तेव्हा मुद्रितं वाचायचो.
लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, हळदीकुंकवाची निमंत्रणं,
आणि एका डिसेंबरात
उथळसरच्या सायमन रेमेडियोस यांची
सोळा पानी नाताळगीतं.

पान सातवर, ध्रुवपदात, एकच शब्द तीनदा :
नोवेल, नोवेल, नोवेल.
कोशात नव्हता.
खिळे जुळवणाऱ्या दत्तूला विचारलं.
तो म्हणाला, कादंबरी असेल.
गोठ्यात, बाळंतिणीच्या उशाशी
कादंबरी कोण गाईल?
मी तांबडी शाई घेतली,
एक काना, दोन मात्रा उडवल्या.
नवल.
तिन्ही ठिकाणी.
पगार त्याचाच होता.

सायमनरावांनी गठ्ठे सायकलला बांधून नेले.
काही बोलले नाहीत.

पुढे एका चोवीस तारखेला, रात्रीच्या पाळीनंतर
सिव्हिल हॉस्पिटलच्या अंगाने घरी येताना
इगर्जीच्या भिंतीपलीकडून आलं :
नवल, नवल, नवल.
बायकांचे आवाज वर,
पुरुषांचे खाली, जमिनीला टेकलेले.
मी थांबलो.
आपली चूक अशी चार पट्ट्यांत
ऐकली आहे कधी कुणी?
(तेव्हा मला ती चूक आहे हे माहीत नव्हतं.
दुरुस्ती म्हणूनच ऐकली. छाती फुगवून.)

छापखान्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
परवा कोपरीला, माझ्या दारात
सायमनरावांची ब्लांच आली.
नवी आवृत्ती काढताहेत. नजर टाकाल का?
मी चहा ठेवला, आणि कबूल केलं.

ती हसली नाही. बशीत चहा ओतत म्हणाली,
शब्द फार जुना आहे, काका. लॅटिन.
जन्माचा दिवस, एवढाच अर्थ.
त्याची एक वाट फ्रान्सकडून गेली,
तिकडे मधला त गळून पडला,
मग इंग्लंडात लोक तो ओरडू लागले,
दारोदार, बातमी आल्यासारखा,
आणि पुढे त्या गाण्यांनाच म्हणू लागले नोवेल.
दुसरी वाट पोर्तुगालातून, पाण्याने.
चावी, पगार, घमेलं, बिजागरी
यांच्या शेजारी दाटीवाटीने बसून
वसईला उतरली, खाडीने वर ठाण्याला आली.
त घट्ट धरून.
नाताळ.

म्हणजे मुखपृष्ठावर मी जो
ठळक टाइपात जाऊ दिला
त्याचाच सख्खा भाऊ
पान सातवर दारात उभा होता
आणि मी त्याला ओळख विचारत बसलो.

बाबांना कळलं होतं, ब्लांच म्हणाली, त्याच रात्री.
मग?
मग काय. म्हणाले, गाऊन बघू.

ती लेबर वॉर्डात आहे, बावीस वर्षं.
वेळ लिहितो, वजन लिहितो, म्हणाली,
आणि रडू यायला उशीर झाला
तर तेवढा वेळ कुणी काही बोलत नाही.
पाळी होती, निघाली.

रात्री पान सात काढलं.
नवल खोडलं. समासात एक काना,
दोन मात्रा परत केल्या.
वाचून पाहिलं, हळू, मग थोडं मोठ्याने.
शेजारचा कुत्रा भुंकला.

मग खोडलेल्या अक्षरांखाली टिंबं दिली,
आमच्या खुणांत त्याचा अर्थ, असू द्या.
पान नऊवर
मेंढरांवरचा अनुस्वार राहिला होता.
तो दिला.