सव्वाअकरा पौंड

तीस एप्रिलच्या रात्री शटर अर्धं पाडून
मी लेबलं बदलत होतो.
गावाचं नाव लिहितात लांबलचक, म्हणतात कर्कॉडी.
दुकान उतारावर, समुद्राकडे तोंड करून,
वारा असा की दारातली घंटा
गिऱ्हाइकाविना वाजते.

तीन लिटरची पांढरी सायडर, निळ्या बुचाची:
आज चार पौंड, उद्यापासून सव्वाअकरा.
कायदाच तसा. बाटलीचा आकार नाही बघायचा,
आत दारू किती, ते मोजून भाव.
उद्या एक मे. आमच्या विट्यात झेंडावंदन असेल,
आणि इथे मी चिकट बोटांनी
एका आकड्यावर दुसरा आकडा दाबतोय.

दहाच्या आधी विकायची नाही, हाही कायदा.
दहाला पाच कमी असताना सेंगा लेडलॉ दारात.
लिनोलियमच्या कारखान्यात होती, कारखाना होता तोवर.
मुठीत मोजून आणलेली नाणी, गरम.
लेबल वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि जी शिवी दिली ती मराठीत आणता येत नाही.
आणायची गरजही नाही,
भाव कळला.

वडिलांचं किराणा दुकान होतं. पाटी: आज रोख, उद्या उधार.
ते म्हणायचे, दर चढला की गिऱ्हाईक आधी भांडतं,
मग रुसतं, मग अर्धा किलो नेतं.
ते साखरेबद्दल बोलत होते.

टॅम गिलेस्पी अर्धा किलोवाला निघाला.
बाटलीवरून चार डब्यांवर आला, मग दोनवर,
एका मंगळवारी काहीच नाही,
नुसता उभा राहिला फ्रीजसमोर, बस चुकल्यासारखा.
मग विचारलं, अंडी ताजी आहेत का?
आठ वर्षांत त्यानं मला विचारलेला
पहिला प्रश्न.

सेंगा नाही.
सेंगानं तीच बाटली नेली, सव्वाअकराला.
गॅसच्या मीटरचं कार्ड ती माझ्याकडेच भरायची,
ते कार्ड यायचं थांबलं.
नोव्हेंबरात कोट, डिसेंबरात कोटावर कोट.
मी एकदा सूपचा डबा पुढे केला.
तिनं तो शेल्फवर परत ठेवला,
लेबल समोर येईल असा, नीट.

ऋजुता, माझी मुलगी, यकृताच्या वॉर्डात नर्स.
सुट्टीला आली की चहा ढवळत बसते.
कमी झालेत, बाबा, म्हणते. थोडे. पण कमी.
कोण कमी झाले, मी विचारतो.
तेच तर सांगता येत नाही, म्हणते,
जो आलाच नाही त्याचं नाव
कुठल्या खाटेला लावू?

खरंय. मेल्याचा दाखला मिळतो.
न मेल्याचा कुठल्या खिडकीवर मिळतो?
टॅमला जाऊन सांगावं का, की बाबा रे, बहुधा तू वाचलास?
तो म्हणेल, कशापासून?

एक गोष्ट ऋजुताला सांगितलेली नाही.
वरचे सव्वासात पौंड सरकारात गेले नाहीत,
तो कर नव्हता.
त्यातले बरेचसे माझ्याच गल्ल्यात राहिले.
नवा फ्रीझर घेतला. रात्रभर घुरघुरतो.
त्यात मटार आहेत, मासे आहेत,
आणि कधीकधी झाकण उघडलं की
जी थंडी अंगावर येते
ती मला ओळखीची वाटते.

फेब्रुवारीत सेंगाचा भाचा आला.
हिशेब काही बाकी आहे का?
नाही म्हटलं. उधारी मी ठेवतच नाही.
तो गेल्यावर घंटा
बराच वेळ वाजत राहिली, वाऱ्यानं.

सहा वर्षांनी भाव पुन्हा चढला.
पुन्हा शटर अर्धं, पुन्हा चिकट बोटं.
निळ्या बुचाची बाटली मी केव्हाच आणणं सोडलंय,
तिच्या जागी मांजराचं खाणं.
सकाळी नऊला, दारूची वेळ व्हायच्या आधी,
टॅम आला, टोपी हातात,
अंड्यांच्या खोक्यावरचा आकडा
डोळ्यांजवळ नेऊन वाचला.
केवढी महाग केलीस रे, म्हणाला.

हो, म्हटलं.
केली.