संपूर्ण

मोर्शीच्या तहसीलीसमोर, कडुनिंबाखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली जुन्या सातबाऱ्याची घडी.
सव्वीस वर्षं मी इथे लोकांची भांडणं
व्हायच्या आधीच लिहून ठेवतो.

गेल्या पौषात वेदांती काळबांडे आली, बापासोबत.
बाप संत्र्याच्या मंडीत प्रतवारी करतो,
हातात घेतल्याबरोबर फळाचा नंबर सांगतो.
पोरगी चौदाची. खांद्यावर बूट, बुटांना चार-चार चाकं.
"महोत्सवात नाचाचं हाय इले. चाकावर.
आठ हजार देतो म्हन्ते. मॅडम म्हने, लिहून घ्या."

लिहिलं.
चार हजार इसार, चार हजार कार्यक्रमानंतर.
वीज गेल्यास काय, पाऊस आल्यास काय,
पाहुणे उशिरा आल्यास काय.
आणि हाताला वळण पडलेलं, म्हणून
'सादरीकरण' या शब्दाआधी घातलं 'संपूर्ण'.
ओळ भरल्यासारखी वाटली.

तिला मी पाहिलं होतं, लिलाव उठल्यावर.
मंडीचा ओटा झाडून घ्यायची, पानं, देठं, तणस,
फुटलेलं फळ पोत्यानं पुसायची
आणि त्या आंबूस वासात एका पायावर
उलटी उलटी जायची, खांबापर्यंत.
हमाल बिडी हातातच विझू देत.

महोत्सवाचं स्टेज प्लायवूडचं.
सांध्यावर चिकटपट्टी, तीही एका बाजूनं सुटलेली.
तिसऱ्या उडीला चाक अडकलं.
पडली.
गाणं थांबलं नाही. उठून तिनं गाण्याला गाठलं,
शेवटची गिरकी घेतली, वाकून नमस्कार केला.
पांढरा मोजा गुडघ्यापासून लाल.

स्पर्धेत पडलं की एक गुण जातो, मॅडम म्हणाल्या.
समितीच्या देवतळेंनी चार हजार कापले.
माझ्याच टेबलावर माझाच कागद उलगडून
एका शब्दावर बोट टेकलं.
"पल्ली ना? मंग संपूर्ण कुठी झालं?"
"उठली पन," बाप म्हणाला.
"उठाचं लिवलं हाय का यात?"
नव्हतं लिहिलं.

मी म्हटलं नोटीस देऊ, फुकट देतो.
तेव्हा पोरीनं दप्तरातून दुसरा कागद काढला.
राज्य संघटनेचा अर्ज, कलम सात:
खेळाडूने विनापरवानगी मानधन घेतलेले नाही.
पैसे मागावे तर करार दाखवावा लागतो,
करार दाखवावा तर यादीतून नाव जातं.
देवतळेंना हे कलम ठाऊक होतं.
चहा सांगून गेले ते, तिघांचा.

"काका," ती म्हणाली,
"पडणं धरून संपूर्ण, असा शब्द आहे का?"

मी शोधला.
'जसे आहे, जेथे आहे', 'सर्व गुणदोषांसह', 'चालू स्थितीत'.
घरासाठी आहे. जुन्या ट्रॅक्टरसाठी आहे.
बैलासाठीसुद्धा एक आहे, जरा लांबलचक.

चहावर साय धरली.
तिनं माझं पेन घेतलं, आमच्या प्रतीतला
'संपूर्ण' एका रेघेनं खोडला
आणि समासात छोटी सही केली,
खाडाखोडीशेजारी लागते तशी.
कायद्यानं त्या रेघेला काही किंमत नाही.
हे मी तिला सांगितलं नाही.

अर्ज भरला की कोरा ठेवला, तेही विचारलं नाही.
पाच वाजत आले होते,
लिलाव उठायची वेळ.
ती लंगडत निघाली, खांद्यावर बूट,
आणि बाप तिच्या मागून, झाडू घेऊन.