वाढीव मुदत

लीजची तेवीस वर्षं उरलीत म्हणे.
मडिवाळप्पा कन्नड कागदावरून बोट सरकवतात,
तोंडानं मराठी बोलतात.
बोट थांबलं की मी मान हलवते.

तिसऱ्या गेटजवळ, दुसरा मजला.
भिंती आमच्या, खालची जमीन त्यांची.
खिळा ठोकताना ह्यांनी कधी विचारलं नाही
आपलं कुठपर्यंत.

"तीस वाढवूया काय नव्वद, बाई?"

मला एकाहत्तर. गुडघ्यांची मुदत
डॉक्टर सहा-सहा महिन्यांनी वाढवून देतात.
म्हटलं, नव्वद.

ते हसले नाहीत. कॅल्क्युलेटर ओढला.
मग नावापाशी अडले:
करारात अष्टेकर, कन्नड उताऱ्यात अस्टेकर,
वीजबिलावर नुसतंच अष्टे.
"तिघी तुम्हीच नव्हं?"
तिघी मीच.
तिघींनी मिळून एक सही केली,
ती जरा चौकटीबाहेर गेली.

रात्री पुण्याहून लेकीचा फोन:
"आई, नव्वद? कुणासाठी गं?"
मी मेथी निवडत राहिले.

तेवढ्यात वास्कोची गाडी गेली.
कपाटातले कप किणकिणले, रोजच्यासारखे.
ही थरथर कुणाच्या मालकीची,
करारात कुठंच नव्हतं.